बांध सरकला, पीक शाबूत

शेताचा बांध हलवला म्हणून उभे पीक नाहीसे होत नाही. हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र सुरुवातीची दहा वर्षे असेच होत असे. त्याचे कारण डिस्कमध्ये नव्हते, हाताशी असलेल्या साधनात होते.

1983 मध्ये आयबीएमच्या एक्सटी संगणकात 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. त्याबरोबरच्या डॉस 2.0 मध्ये एफडिस्क हा प्रोग्रॅम होता. डिस्कचे जास्तीत जास्त चार हिस्से, म्हणजे पार्टिशन, पाडता येत. त्यांची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या, 512 बाइटांच्या सेक्टरमध्ये असे. एका हिश्श्याला 16 बाइट, चौघांना मिळून 64. हिस्सा कोणत्या प्रकारचा, कुठे सुरू होतो आणि किती लांब, एवढेच त्यात मुख्यतः लिहिलेले. सातबाऱ्यावर पिकाची नोंद तरी असते. येथे फाइलींचा उल्लेखही नाही.

एफडिस्कला हिस्सा पाडता येई, पुसता येई. लहानमोठा करता येत नसे. त्यामुळे सगळ्या फाइली फ्लॉपींवर उतरवा, हिस्सा पुसा, नवे दोन पाडा, फॉरमॅट करा, फाइली परत चढवा, असा खटाटोप करावा लागे. 100 मेगाबाइट माहितीला 1.44 मेगाबाइटच्या सुमारे 70 फ्लॉपी लागत, आणि त्यातली एखादी ऐनवेळी दगा देणार, हे ठरलेलेच!

1991 मध्ये लिनक्स आल्यावर ही अडचण टोचू लागली. डॉस ठेवूनच लिनक्ससाठी वेगळा हिस्सा हवा होता. आर्नो शेफर यांनी 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात फिप्स नावाचा प्रोग्रॅम लिहून तो विनामूल्य दिला. आम्हाला त्यातले शहाणपण असे वाटते की, तो एकही फाइल हलवत नाही. फाइली पुढे सरकवून शेवटची जागा मोकळी करण्याचे काम डॉसच्या डीफ्रॅगसारख्या प्रोग्रॅमवर सोपवलेले असते. मग फिप्स फाइलींची जागा सांगणारा तक्ता, म्हणजे फॅट, तपासतो. शेवटचे क्लस्टर खरोखर रिकामे असतील तरच तो पहिल्या सेक्टरमधला आणि त्या हिश्श्याच्या स्वतःच्या बूट सेक्टरमधला लांबीचा आकडा कमी करतो, आणि उरलेल्या जागेची नवी नोंद घालतो. त्याआधी जुने सेक्टर फ्लॉपीवर जपून ठेवण्याची सोयही तो देतो.

खोडा एकच होता. काही प्रोग्रॅम आपली लपवलेली फाइल मुद्दाम डिस्कच्या टोकाला ठेवत आणि डीफ्रॅग तिला हात लावत नसे. एवढ्या एका फाइलीपायी सारी मोकळी जागा अडून राही.

हिश्श्याची सुरुवातच सरकवायची असेल तर मात्र आकडे बदलून भागत नाही, सारी माहिती उचलून पुढे न्यावी लागते. पॉवरक्वेस्ट कंपनीच्या पार्टिशनमॅजिकने 1990 च्या दशकात हे काम केले. त्या वेळात वीज गेली तर अर्धी माहिती जुन्या जागी, अर्धी नव्या. म्हणून प्रत आधी काढायची, हा नियम आजही सुटलेला नाही. क्रमही सांभाळावा लागतो: लहान करताना आधी आतली फाइलव्यवस्था आक्रसायची, मग हद्द; मोठे करताना आधी हद्द.

2007 मध्ये सर्वांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टात हिस्सा लहान करण्याची सोय मुळातच होती. तरी निम्मी डिस्क रिकामी असूनही थोडीच जागा सुटते, असा अनुभव पुष्कळांना आला. न हलणारी एखादी फाइल मध्येच बसलेली असे.