उपग्रहावरचा वर्ग ते 'स्वयं'

15 ऑगस्ट 1984 रोजी दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू झाला. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या माजी कुलगुरू माधुरी शहा तेव्हा आयोगाच्या अध्यक्ष होत्या. 1975-76च्या 'साइट' प्रयोगात अमेरिकी उपग्रहावरून सुमारे 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली होती. 1983मध्ये इन्सॅट-1बी अवकाशात गेला आणि कॉलेजांसाठीही हा मार्ग खुला झाला. कार्यक्रम तयार करणाऱ्या पहिल्या माध्यम केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होते.

छोट्या गावांतल्या कॉलेजांत प्रयोगशाळा आणि ग्रंथालये तोकडी. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना होती. हेतू मोलाचा होता, पण मांडणी त्याला पुरी पडली नाही. प्रसारणाची वेळ ठरलेली, भाषा बहुतेक इंग्रजी. कार्यक्रमांचा रोख ज्ञान वाढवण्यावर होता, अभ्यासक्रम पुरा करण्यावर नव्हता. परीक्षेत न येणाऱ्या विषयासाठी विद्यार्थी टीव्हीपुढे बसावा, ही अपेक्षाच जास्त होती. शिवाय निसटलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय नव्हती.

2003मध्ये सुरू झालेल्या 'एनपीटेल'ने ही उणीव भरून काढली. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांची अभियांत्रिकीची व्याख्याने क्रमाने ध्वनिचित्रित झाली. पुढे ती यूट्यूबवर आली आणि तालुक्याच्या कॉलेजातला विद्यार्थीही अडलेला भाग हवा तितक्या वेळा ऐकू लागला. 2014पासून प्रमाणपत्रासाठी परीक्षाही सुरू झाल्या.

खरा बदल मात्र नियमाने घडवला. आयोगाने 2016मध्ये 20 टक्क्यांपर्यंत श्रेयांक ऑनलाइन अभ्यासक्रमांतून घेण्यास परवानगी दिली. 2021मध्ये ही मर्यादा 40 टक्के झाली. दरम्यान 9 जुलै 2017 रोजी 'स्वयं' या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सरकारी मंचाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी 'स्वयंप्रभा'च्या 32 डीटीएच वाहिन्या सुरू झाल्या. इंटरनेट नसलेल्या घरासाठी उपग्रहाचा जुना मार्ग असा पुन्हा कामी आला.

भाषेचा प्रश्न मात्र मागेच राहिला. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने त्यावर साधा उपाय काढला: संगणक प्रणाली शिकवणाऱ्या छोट्या चित्रफिती, पडद्यावर मूळ इंग्रजी आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पदवीच्या इतर विषयांसाठीही महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी हे काम तातडीने हाती घ्यायला हवे.