नांगर आणि खबर



माझ्या वडिलांचे बेळगावात शेतीच्या अवजारांचे लहानसे दुकान होते. दुकानावर नावाची पाटीसुद्धा त्यांनी पुष्कळ वर्षे लावली नव्हती. ‘माल चोख असला की गिऱ्हाईक वास काढीत येते,’ असे ते म्हणत. समोरच्या दुकानदाराने भिंती रंगवून घेतल्या, बाजाराच्या दिवशी दवंडी पिटविली, सिनेमाच्या मध्यंतरात पडद्यावर आपले नाव झळकविले. आमची गिऱ्हाइके एकेक करून रस्ता ओलांडून तिकडे गेली. १९७२ मध्ये आमचे दुकान बंद झाले. जाहिरातीच्या इतिहासाकडे मी वळलो तो या घरगुती दुःखामुळे. आणि वळल्यावर असे ध्यानात आले की, या विषयाचा एक मोठा अध्याय आपल्याच गावात सुरू झाला होता.

आपण सारे ज्या किर्लोस्कर रोडवरून जात-येत असतो, तेथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले. ते मूळचे याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. (मराठी रंगभूमीला अण्णासाहेब किर्लोस्कर देणारे गावही तेच.) सायकल हे वाहन तेव्हा लोकांना इतके अपरिचित होते की, ती विकण्यापूर्वी चालवावयास शिकवावी लागे. लक्ष्मणराव ती स्वतः शिकवीत. रस्त्याने तोल सावरीत जाणारा प्रत्येक शिकाऊ स्वार म्हणजे दुकानाची चालती जाहिरातच होता.

खरी कसोटी लागली ती लोखंडी नांगराच्या वेळी. १९०३ च्या सुमारास हा नांगर तयार झाला. परंतु त्याला गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, ही शेतकऱ्यांची समजूत होती. या समजुतीला आपण शिकलेली माणसे हसतो. मला मात्र तिच्यामागे दुसरे एक रास्त भय दिसते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर तो दुरुस्त करून देई; लोखंडी नांगराला रोख पैसा लागे, काळ्या जमिनीत तो ओढावयास बैलही अधिक लागत. आणि ऐन मोसमात फाळ मोडला तर नवा आणावयाचा कोठून? या प्रश्नांना दवंडी उत्तर देऊ शकत नव्हती. लाकडी नांगर माती वरवर उकरतो, लोखंडी नांगर ती पालथी घालतो, हरळीची मुळे उपटून वर काढतो, हे तासाच्या कडेला उभे राहून पाहिल्यावाचून कोणाला पटणार? म्हणून माझे मत असे की, नांगर घडविण्यापेक्षा तो पटविणे हे अधिक कठीण काम होते. इतिहासकारांनी या दुसऱ्या कामाला पुरेसे श्रेय दिलेले नाही.

पुढे गावच्या विस्तारामुळे कारखान्याला बेळगावातील जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. आपल्या गावाने काय गमावले याचा हिशेब मी येथे मांडीत बसत नाही.

तेथे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्याकडे विक्री आणि जाहिरात ही खाती आली. शंकरराव चित्रकला शिकलेले होते आणि लेखणीही त्यांना वश होती. शेतात नांगर चालवून दाखविणारा माणूस एका दिवसात एकाच गावी जाऊ शकतो. छापील कागद शंभर गावी जातो. १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. अमेरिकेतील फोर्ड कंपनीचे ‘फोर्ड टाइम्स’ त्यांच्या डोळ्यांसमोर होते. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचविणे, एवढाच त्याचा मूळ हेतू. पण नुसती नांगराची स्तुती महिन्यामागून महिने कोण वाचणार? मग उद्योगाविषयी लेख आले, आरोग्य आले, कथा आल्या, समाजसुधारणेचे वाद आले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंधही याच मासिकाने छापले. काही वर्षांनी ‘खबर’ हा शब्द गळला आणि नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला लाभली. मालाची जाहिरात म्हणून निघालेले पत्र वाचकांनी आपले म्हणून घरात घेतले, याला दुसरे उदाहरण मराठीत मला तरी सापडलेले नाही.

दुकान उठल्यावर वडिलांच्या फडताळात एकच ठेवा राहिला होता : ‘किर्लोस्कर’चे बांधीव अंक. या मासिकाचा जन्म नांगर खपविण्यासाठी झाला, हे मी त्यांना एकदा सांगितले. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी एक खंड काढला, चष्मा लावला, बराच वेळ पाने उलटली आणि तो माझ्यापुढे ठेवून विचारले, ‘यात जाहिरात कोणती, ती दाखव पाहू.’