जाळ्यात न टिकणारे प्लवक

1889 साली जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन ‘नॅशनल’ जहाजातून अटलांटिकवर निघाले, तेव्हा त्यांच्याकडे पीठ चाळण्याच्या रेशमी कापडाची जाळी होती. पाण्यात तरंगणाऱ्या जिवांना ‘प्लँक्टन’ म्हणजेच प्लवक हे नाव त्यांनीच दोन वर्षांपूर्वी दिलं होतं. आता त्यांना ते मोजायचे होते. जाळं खोल सोडायचं, सरळ वर ओढायचं, हाती लागेल ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं आणि त्यावरून समुद्राच्या उत्पादनाचा हिशेब मांडायचा. पुढच्याच वर्षी अर्न्स्ट हेकेल यांनी या हिशेबावर झोड उठवली. प्लवक सगळीकडे सारखे पसरलेले नसतातच, असं त्यांचं म्हणणं होतं.

जाळ्यात आणखी एक खोट होती. कोपेपॉडसारखे कवचधारी जीव शाबूत वर येत, पण जेलीसारख्या नाजूक प्राण्यांचा लगदा होई. मेलेले प्लवक, विष्ठा आणि चिकट स्राव यांचे पुंजके ‘सागरी हिम’ म्हणून तळाकडे झरत असतात. ते तर जाळ्याचा धक्का लागताच विस्कटत. कोण कोणाच्या शेजारी होतं, हेही बाटलीतल्या नमुन्यावरून कळत नसे.

साध्या कॅमेऱ्याने थोडंच भागलं. बारीक जीव मोठे दिसावेत म्हणून भिंगाची ताकद वाढवली, की पाण्याचा जेमतेम एक पातळ थर स्पष्ट दिसतो आणि मागचं-पुढचं सगळं धूसर होतं.

वाट निघाली ती भलत्याच कामातून. 1947 मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी शहरात डेनिस गाबोर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या खटपटीत होते. वस्तूवरून विखुरलेल्या लहरी आणि सरळ आलेल्या लहरी मिसळून उमटणाऱ्या नक्षीत वस्तूचं अंतरही नोंदलेलं असतं, हे त्यांनी हेरलं. हाच होलोग्राम. 1960 मध्ये लेसर आल्यावर या कल्पनेला जोर चढला आणि 1971 मध्ये गाबोर यांना नोबेल मिळालं.

समुद्रात उतरलेला एक सुरुवातीचा होलोग्राफिक कॅमेराही प्लवकांसाठी नव्हताच. 1980 च्या दशकात कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जोसेफ कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी तो बनवला, तो जहाजाच्या पंख्यापाशी बुडबुडे का तयार होतात याच्या शोधात पाण्यातले सूक्ष्म कण पाहण्यासाठी.

पुढे स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठात जॉन वॉटसन यांच्या गटाने ‘होलोमार’ हा प्लवकांसाठीचा कॅमेरा उभारला आणि लॉख एटिव्ह या खाडीत त्याची चाचणी घेतली. काही नॅनोसेकंदांच्या हिरव्या लेसर झोतात पाण्याचा अख्खा ठोकळा काचेच्या प्लेटवर उतरे; इतक्या अल्प वेळात पोहणारा जीवही हललेला दिसत नसे. खरी चिकाटी त्यानंतर लागे. प्लेट अंधाऱ्या खोलीत धुवायची, पुन्हा लेसरसमोर धरायची, की जिवांची प्रतिमा हवेत उभी राही. त्या प्रतिमेतून व्हिडिओ कॅमेरा कणाकणाने सरकवत एकेक जीव हुडकायचा.

1994 मध्ये श्नार्स आणि युप्टनर यांनी होलोग्राम थेट इलेक्ट्रॉनिक सेन्सरवर घेऊन संगणकात उलगडून दाखवला होता. त्या वाटेने वॉटसन यांच्याच गटाचा ‘ई-होलोकॅम’ उत्तर समुद्रात उतरला आणि काच व रसायनं गेली. पडद्यावरच्या कच्च्या होलोग्राममध्ये मात्र प्राणी दिसत नाही, दिसतात ती त्याच्याभोवतीची वर्तुळं. आकार काढून देतं ते गणित. पाणी फार गढूळ असेल तर तेही हतबल ठरतं.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ईस्ट साउंड खाडीत अशाच कॅमेऱ्याने ‘डिटायलम’ या डायटम गटातल्या सूक्ष्म शैवालाच्या साखळ्या पाहिल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक पाण्यात आडव्या पडलेल्या होत्या. आडव्या साखळीला वरून येणारा प्रकाश अधिक मिळू शकतो. समुद्रातल्या प्रकाशाची नेहमीची गणितं मात्र कण वाटेल त्या दिशेला वळलेले असतात, असंच धरून चालत आली होती.