ओरखडा थेट सांगाड्यावर

२३ एप्रिल १९४६ रोजी पियाजिओने फ्लॉरेन्स येथे व्हेस्पाच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिचे रचनाकार कोरादिनो दास्कानिओ हे विमान-अभियंते. मोटारसायकल त्यांना मुळीच आवडत नसे! त्यांनी स्कूटरला वेगळा सांगाडा दिलाच नाही. घडवलेला पोलादी पत्राच सारा भार वाहतो.

२०१२ पासून व्हेस्पा बारामती एमआयडीसीत तयार होते. तिच्यावरील ओरखडा म्हणूनच केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. वरचे पारदर्शक लॅकर खरवडले असेल, तर पॉलिशने भागते. मात्र रंग व प्रायमर भेदून पत्रा उघडा पडला, की गंज सांगाड्यालाच लागतो. अशा वेळी गंज वॉटर पेपरने घासून, जागा कोरडी करून, प्रायमर, रंग आणि लॅकर यांचे पातळ थर क्रमाने वाळवत चढवावेत. कारखान्यातही क्रम साधारण हाच. तेथे वाळवायला भट्टी असते, घरी वाट पाहावी लागते.