कर्जाचा कागद: सुप्यापासून क्रेडिट कार्डापर्यंत

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने गाठली. पाठ्यपुस्तकांत या घटनेला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात आणि चार ओळींत तिची बोळवण करतात. पण या दंग्याचा एक विशेष नीट ध्यानात घेतला पाहिजे. जमावाला हवे होते ते कर्जरोखे, वह्या आणि कोर्टाचे हुकूमनामे. ज्या सावकाराने हे कागद मुकाट्याने हवाली केले, त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. कागदांची मात्र होळी झाली. हे लोण पुढे नगर जिल्ह्यातही पोचले.

ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्याने कागदच का जाळला, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारतो. उत्तर सावकारी व्यवहाराच्या रीतीत आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोला वाचवण्याचा होता. परिणाम उलटा झाला. तीन वर्षे भरत आली, की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई आणि त्यावर कुणब्याचा अंगठा उठे. कालचे व्याज आजचे मुद्दल होई, आणि त्या मुद्दलावर पुन्हा व्याज चढे. हातात किती रुपये पडले हे ऋणकोला तोंडपाठ असे. कागदावर किती चढले हे फक्त सावकाराला ठाऊक असे. दिवाणी न्यायाधीश तोंडचे ऐकत नसे, कागद पाहत असे. आपला वैरी कोठे राहतो हे सुप्याच्या माणसाने बरोबर ओळखले होते.

पण कागद जाळून कर्ज फिटत नाही. शेकडो लोक पकडले गेले, गावांवर शिक्षेदाखल जादा पोलीस बसले. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. माझ्या मते कर्जाच्या आपल्या इतिहासातील हा सर्वांत बोलका कायदा आहे. कारण त्याने न्यायालयाला कर्ज वाचावे कसे हे शिकवले. न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यावर थांबू नये, व्यवहाराच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे जावे, मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशोब वेगळा मांडावा, रक्कम हप्त्यांनी फेडू द्यावी, आणि कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, असे त्याने सांगितले. पैसे भरल्याची पावती, दर वर्षी हिशोबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक, हे ऋणकोचे हक्क झाले. तडजोडीसाठी मध्यस्थ नेमण्याचीही सोय होती.

मग कुणबी सुटला का? पुरता सुटला नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखताची वाट धरली. आणि पासबुकाचा हक्क ज्याला अक्षर येत नाही त्याच्या काय कामाचा? जोतीराव फुले १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा करीत होते, त्या वेळी हा कायदा अमलात येऊन तीन-चार वर्षे झाली होती. तरीही कचेरीतील कारकून आणि सावकार मिळून अक्षरशून्य शेतकऱ्याला कसे नागवतात, हे त्यांना लिहावे लागले.

ही झाली रोख्यावर अंगठा उठवणाऱ्यांची कथा. आमच्या वाट्याला बहुधा तेवढाही कागद आला नाही. माझा आजा मराठवाड्यात सालगडी होता. तेथे निजामाचे राज्य असल्यामुळे १८७९ चा कायदा पोचण्याचा प्रश्नच नव्हता. पाडव्याला साल ठरे, उचल मिळे, आणि पुढच्या पाडव्याला मालक तोंडी सांगे की इतकी बाकी फिरली. आज्याने ती बाकी कधी तपासली नाही, कारण तपासायला काही नव्हतेच. फेड अंगमेहनतीने होई आणि हिशोब मालकाच्या जिभेवर असे. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला आणि वेठबिगारीला बांधलेली कर्जे कायद्याने रद्द ठरली. पण तसे काही झाले आहे, हे वाड्यावस्त्यांवर जाऊन कोणी सांगितले?

शहरात गेल्याने सुटका झाली असेही नाही. कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात नमूद केले, की बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन तृतीयांशांहून कमी नाहीत इतकी कामगार कुटुंबे कर्जबाजारी आहेत, आणि बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा अधिक आहे. पगाराच्या दिवशी वसुलीसाठी कारखान्याला वेढा घालून बसणे हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस त्या कमिशनला करावी लागली.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने देशातले पहिले क्रेडिट कार्ड काढले. त्या वेळी ते साहेबांच्या खिशात होते. आज ते आपल्या पहिल्या पिढीच्या पगारदाराच्या खिशात आहे. या माणसाच्या पाठीशी वाडवडिलांचे घर नाही, शेत नाही, अडीअडचणीला उचलून देणारा मामा-काका नाही. बापाचे ऑपरेशन आणि बहिणीचे लग्न त्याच्या एकट्याच्या पगारावर येते. तेथे कार्ड पुढे होते.

हिशोब करून पाहू. साठ हजार रुपये बाकी आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. वर्षाला हा दर बेचाळीस टक्के होतो. पहिल्या महिन्याचे व्याज २,१०० रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ३७८ रुपये. ‘किमान देय’ म्हणून पाच टक्के, म्हणजे ३,००० रुपये भरले, तर मुद्दलातून ५२२ रुपये कमी झाले. भरणाऱ्याला वाटते आपण फेडतो आहोत. तीन वर्षांनी होणारे रोख्याचे नूतनीकरण आता दरमहा होते आहे, इतकाच फरक!

आणि न्यायालय? १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात कलम २१क अमलात आले. व्याज जास्त आहे एवढ्या कारणावरून न्यायालयाने बँकेचा व्यवहार पुन्हा उघडू नये, असे ते सांगते. १८७९ च्या कायद्याने उघडलेले दार येथे बंद झाले. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर तीस टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे कर्जदाराच्या हाती मुख्यतः तडजोड उरली, आणि तडजोड ही विद्या आहे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे प्रकरण आम्ही चौदा महिने चालवले. वडिलांच्या आजारपणात त्याने कार्ड वापरले आणि नोकरी सुटल्यावर हप्ते थांबले. बाकी १,८४,००० वर गेली. वसुली एजंटाचे फोन शेजाऱ्यांकडे येऊ लागले. दुसऱ्या ठिकाणी कर्ज काढून हे फेडावे असे घरच्यांचे म्हणणे होते. ते आम्ही प्रथम थांबवले. सगळ्या महिन्यांची स्टेटमेंटे मागवली. खरेदी, व्याज, दंड आणि कर असे चार रकाने पाडले. अर्ध्याहून अधिक रक्कम खरेदीची नव्हतीच. उत्पन्नाचे आणि दवाखान्याचे पुरावे जोडून बँकेला अर्ज दिला, पोच घेतली. एजंटाने सकाळी आठपूर्वी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, इतरांकडे बभ्रा करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. ते अर्जात लिहिले. तीस दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, हेही लिहिले. “आज साठ हजार टाका, पत्र मागाहून देतो,” असे एजंट फोनवर म्हणाला. हातात पैसे असूनही आम्ही नाही म्हटले. अखेरीस बँकेच्या शिक्क्याचे पत्र आले: ९५,००० रुपये, तीन हप्त्यांत, पूर्ण व अंतिम. शेवटच्या हप्त्यानंतर ना-देय दाखला मिळेपर्यंत आणखी दोन हेलपाटे झाले.

ही तडजोड फुकट पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. पतनोंदीत खाते ‘बंद’ न लिहिता ‘सेटल्ड’ लिहिले जाते आणि पुढचे कर्ज अवघड होते. मुदत संपण्यापूर्वी कर्जाची लेखी कबुली दिली तर तीन वर्षांची मुदत नव्याने धावू लागते, म्हणून कोणत्या कागदावर सही करतो ते पाहावे लागते. न वटणारा धनादेश दिला तर दिवाणी बाब फौजदारी होते. मात्र केवळ कर्ज थकले म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. ज्याची फेडण्याची ऐपतच नाही अशा माणसाला निव्वळ गरिबीसाठी कैद करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात स्पष्ट केले आहे. एजंट हे कधीच सांगत नाही.

आपल्या चळवळीने शिष्यवृत्तीचे, जातपडताळणीचे, नोकरीच्या अनुशेषाचे कागद वाचायला माणसे तयार केली. कर्जाला मात्र आपण घरची अब्रू समजून झाकत आलो. कर्जदार एकटा पडतो तो या लाजेमुळे, आणि एकट्याला भिववणे सोपे असते. प्रत्येक विहारात, वाचनालयात, महाविद्यालयात रविवारचे दोन तास यासाठी राखावेत. वाणिज्य शाखेचा एक शिक्षक, एक तरुण वकील, एक टेबल आणि प्रत्येक प्रकरणाची एक फाईल एवढ्यावर काम सुरू होते. धीर लागतो, कारण दुसरी बाजू आपण थकण्याची वाट पाहत असते. सुप्याच्या माणसाजवळ कागद जाळण्यावाचून उपाय नव्हता, कारण त्याच्या बाजूने तो वाचणारा कोणी नव्हता. आज आपल्या वस्त्यांत वाचणारे आहेत. त्यांनी आता टेबलाशी येऊन बसावे.