डायलटोनची वाट

१९९२ सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. आम्ही बार्शीचे, ज्वारी-तुरीच्या सौद्यांचे गाव. आजोबांचा दमा एकाएकी उफाळला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांना टेलिफोन करण्यासाठी आईने मला ओळखीच्या आडत दुकानात पिटाळले. दुकानात टेलिफोन चार, पण बाहेर जाणारी तार एकच! शून्य फिरवल्यावर ‘गूंऽ’ असा सूर आला, तरच पुढचा नंबर फिरवायचा. ऐन सौद्याची वेळ. माझ्या कानात नुसती टुकटुक. मी रडकुंडीला आलो. तेव्हा मुनीमकाका आत जाऊन म्हणाले, “शेठ, भाव मागनं विचारा. आधी पोराला बोलू द्या.” दुसऱ्याच क्षणी ‘गूंऽ’ आला. तेवढे गोड संगीत मी पुन्हा ऐकले नाही.

या सुराचाही इतिहास मोठा मौजेचा आहे. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा नंबर सांगितल्यावर माणूसच तार जोडून देई. पुढे अमेरिकेतल्या स्ट्रोजर नावाच्या, अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाने १८९१ साली आपोआप तार जोडणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले. मग माणसाच्या जागी सूर आला. “मी मोकळा आहे, बोला,” हाच त्याचा अर्थ! पण एक्स्चेंजात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळे यंत्र ठेवणे कोणाला परवडणार? सगळी यंत्रे गुंतली की रिसीव्हर मुका.

मग यंत्रे ठेवावीत तरी किती? हे कोडे सोडवले डेन्मार्कच्या एर्लांगने. तो शिक्षकाचा मुलगा आणि स्वतःही काही वर्षे शिक्षक; म्हणून आम्हां मास्तर मंडळींना त्याचा अंमळ अभिमान! १९०८ साली तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गेला, १९०९ मध्ये त्याने पहिला निबंध लिहिला आणि १९१७ मध्ये आपली सूत्रे मांडली.

त्याचा हिशेब पाहा. गर्दीच्या तासात तीन-तीन मिनिटांची २० बोलणी झाली, तर एकूण ६० मिनिटे. म्हणजे एक तार पुरावी? छे! माणसे काही रांगेने बोलत नाहीत. एकाच तारेवर निम्मे लोक विन्मुख परततात. दोन तारांवर पाचातला एक. तीन तारांवर सोळातला एक. आणि चार तारा असल्या, तर शंभरात एखाददुसरा. शाळेच्या मधल्या सुट्टीत नळावर उडणारी झुंबड आठवा. दिवसाच्या सरासरीने तिथे कोणाची तहान भागते? पुढे १९४६ साली या गर्दीच्या मापालाच ‘एर्लांग’ हे नाव मिळाले.

डॉक्टर वेळेवर आले. आजोबांनी त्या दिवाळीत स्वतःच्या हाताने आकाशकंदील लावला. आज वर्गात हे गणित घालताना मी मुलांना सांगतो, बाळांनो, तारा किती हव्यात हे एर्लांग सांगेल. पण तार एकच असेल, तर आधी कोणी बोलावे, हे त्याच्या सूत्रात नाही. ते आमच्या मुनीमकाकांना ठाऊक होते.