आगीचा कायदा आणि विहिरीचं पाणी

वर्ध्याहून नागपूर पाऊणशे किलोमीटर. आपल्या जिल्ह्यातल्या पेट्रोल पंपांखाली ज्या टाक्या पुरलेल्या आहेत, त्यांना परवाना देणाऱ्या खात्याचं मुख्यालय तिथे आहे. स्फोटकांचं खातं म्हणून ते १८९८ साली सुरू झालं, आता त्याला ‘पेसो’ म्हणतात. त्याच नागपुरात ‘नीरी’ आहे, १९५८ सालची संस्था. विहिरीच्या पाण्यात काय विरघळलंय हे ती सांगू शकते. एकाकडे टाकीचा परवाना, दुसरीकडे पाण्याची परीक्षा. एकाच गावातल्या दोन इमारती. पण टाकी आणि विहीर यांचा संबंध नीट कागदावर यायला आपल्याकडे तब्बल नव्वद वर्षं लागली.

मुळात टाकी जमिनीखाली गेली ती आगीच्या भीतीने. वर ठेवलं तर पेट घेईल, म्हणून पुरा. १९३४ चा पेट्रोलियम कायदा वाचला (कंटाळा न करता वाचावा, छोटा आहे) तर ही भीती पानोपानी दिसते. त्याचं कलम २७ अपघाताची खबर देण्याविषयी आहे. अपघात कुठला? पेट्रोल किंवा त्याची वाफ पेटून झालेला स्फोट किंवा आग, आणि त्यात प्राणहानी, गंभीर इजा किंवा मालमत्तेचं नुकसान. टाकीला बारीक भोक पडलं आणि रोज थोडं थोडं पेट्रोल मुकाट्याने खाली गेलं, तर या कलमाच्या लेखी काही घडलेलंच नसतं. पंपावर साठा कमी भरला, तर ‘उडून गेलं असेल’ म्हणायची सोय आहेच.

आणि आपली जमीन कशी? वर काळी माती, पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. लोखंडी टाकीला आणि नळांना ही हालचाल सोसत नाही. खाली काळा कातळ. त्यात पाणी वाळूतल्यासारखं सरसकट पसरत नाही, चिरा शोधत जातं. पेट्रोल पाण्याहून हलकं, म्हणून ते पाण्यावर तरंगत त्याच चिरांमधून निघतं. त्यामुळे पंपाला लागून असलेली विहीर चांगली राहील आणि चार शेतं पलीकडची नासेल, असंही होऊ शकतं. त्यातलं बेंझिन पाण्यात विरघळतं, आणि ते कॅन्सरला कारण होतं. वास यायला लागेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

मग साफ कोणी करायचं? हा प्रश्न फार जुना आहे. १८६० साली इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या एका गिरणीमालकाने पाण्याचा तलाव बांधला. पाणी खालच्या जुन्या खाणीच्या विहिरांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. १८६८ साली निकाल लागला: धोक्याची वस्तू आपल्या जागेत साठवली आणि ती निसटली, तर तुमची चूक असो वा नसो, भरपाई तुमची. हाच ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’. गंमत म्हणजे १८७४ साली मद्रास रेल्वेने तोच नियम कार्वेटिनगरच्या जमीनदाराला लावायला सांगितला, कारण त्याचे तलाव फुटून रूळ वाहून गेले होते. प्रिव्ही कौन्सिलने नकार दिला. हे तलाव पूर्वापार, लोकांच्या शेतीसाठी, ते राखणं हे जमीनदाराचं कर्तव्य, असं कौन्सिल म्हणालं. मला तो निकाल शहाणपणाचा वाटतो. गावचा तलाव आणि धंद्याची टाकी यांत फरक आहेच.

धंद्याच्या टाकीला मात्र सवलत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या डिसेंबरात सांगितलं. आदल्या वर्षी दिल्लीत श्रीरामच्या कारखान्यातून ओलियम वायू गळला होता. भोपाळ ताजं होतं. न्या. भगवतींनी इंग्रजी नियमातले सगळे अपवाद काढून टाकले. पण साफसफाईचा खर्च वसूल करण्याची वाट दाखवली ती बिछडीच्या खटल्याने, आणि तिथे आपली नीरी आली. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातलं हे गाव. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने सुमारे ६० विहिरींचं पाणी काळपट झालेलं. १९९६ साली निकाल आला: प्रदूषण करणाराच खर्च करील. नीरीने माती-पाणी सुधारण्याचा अंदाज दिला होता सुमारे ३७.३८ कोटी रुपयांचा. २०११ साली न्यायालयाला त्यावर १२ टक्के चक्रवाढ व्याज लावावं लागलं, कारण तोवर पैसे आलेच नव्हते! निकाल हातात असूनही पंधरा वर्षं. तोवर त्या विहिरींचं काय झालं असेल, याचा विचार करा.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. १९८४ साली भूमिगत टाक्यांसाठी वेगळा कायदा केला आणि १९८६ साली इंधनावर गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा कर बसवून निधी उभा केला. मालक सापडला नाही किंवा दिवाळखोर निघाला, तरी माती उपसायचं काम थांबत नाही. तिथे आजवर पाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. नोंदल्या गेल्या, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे कायदा अगदीच नव्हता असं नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात ‘प्रवाह’ या शब्दात भूगर्भातलं पाणीही येतं, अपघाताची खबर मंडळाला द्यायची असंही त्यात आहे. पण पंपाकडे बघताना सगळ्यांना आगच दिसत राहिली. २०२४ च्या जानेवारीत गोव्यात दाबोळीजवळ माटवे इथे विहिरीत इंधन उतरलंय याचा बोभाटा झाला, तोही विहिरीने पेट घेतला तेव्हा.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. आता संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने करायची, राज्य मंडळाने ठरलेल्या दिवसांत तपासायची, जबाबदार माणूस शोधून खर्च त्याच्यावर घालायचा, आणि तो सापडला नाही तर केंद्र-राज्याने मिळून करायचा. समुद्रातली तेलगळती आणि खाणकाम यातून वगळलंय. गावातला पंप वगळलेला नाही.

ही यादी लोकांच्या तक्रारीवरूनही सुरू होऊ शकते. तेव्हा जुन्या हमरस्त्यावरच्या एखाद्या बंद पंपाच्या शेजारी तुमचं वावर असेल आणि विहिरीला रॉकेलसारखा वास येत असेल, तर ते पाणी प्यायचं थांबवा, जवळ काडी ओढू नका, आणि तक्रारीचा अर्ज कलेक्टर कचेरीत द्या. तारीख घालून. आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.